फाटकाबाहेरची निवांत रपेट: घोडीला आधी सैल होऊ द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मैना ही आठ वर्षांची मारवाडी घोडी, येवल्याच्या घोडेबाजारातून घेतलेली, त्याआधी वरातीत चालायची. मखमलाबादच्या रिंगणात ती शहाण्यासारखी वागते, दुडकी चालते, थांब म्हटलं की थांबते. फाटकाबाहेर पडली की मान वर, कान ताठ, वाऱ्याने उडालेल्या पिशवीलाही बुजते. परतीला तोंड झालं की घराकडे ओढ घेते. तुम्हाला शर्यत खेळायची नाही की उड्या मारायच्या नाहीत, सकाळी तिच्या पाठीवर तास-दीड तास मजेत हिंडायचंय. ते कसं जमवायचं आणि नाशिकच्या आसपास कुठे न्यायचं?

जमेल. वरातीतून आणि टांग्यातून सुटून आलेली बरीच जनावरं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यातली बहुतेक एकदा बाहेर रुळली की रिंगणात जायला नाखूश असतात. पण एक गोष्ट आधी पक्की करा. रपेट निवांत होणार की नाही, हे घोडीच्या अंगावर ठरतं. ती ताठ असेल तर तुम्ही कितीही शांत बसा, ती फेरी म्हणजे नुसती कसरत. म्हणून अंतर, वाट, वेळ, सगळं तिच्या सैल होण्याच्या हिशेबाने ठरवायचं. रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जायचंच असं ठरवून निघालात तर तिसऱ्या वळणावर भांडण सुरू होणार.

मैना बिघडलेली नाही. वरातीच्या घोडीला बँड, फटाके, दिव्यांच्या माळा यांचं काही वाटत नाही, कारण त्या गोंगाटात तिच्या तोंडाशी कायम एक माणूस असतो. लगाम त्याच्या हातात, पाऊल कुठे टाकायचं ते तो सांगणार. आता तो माणूस गेला, तुम्ही पाठीवर बसलात, समोर मोकळं शेत. तिच्या लेखी पुढे कुणीच नाही. रिंगणात कुंपण असतं म्हणून तिचं निभतं.

त्यामुळे पहिले काही दिवस पाठीवर बसूच नका. मोहरकी (तोंडात कडी नसलेली दोराची मुसकी) घाला, लांब दोर घ्या आणि तिला पायी फिरवायला न्या. तुम्ही तिच्या खांद्याजवळ, दोर ढिला. ती थांबून बघायला लागली तर तुम्हीही थांबा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे साधारण 350 अंशांचा परीघ तिला एका वेळी दिसतो. कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. मात्र एखादी वस्तू नेमकी काय आहे आणि किती लांब आहे हे कळायला तिला मान वर-खाली करून दोन्ही डोळ्यांनी नीट बघावं लागतं. आपण नेमकं त्याच क्षणी लगाम खेचून मान धरून ठेवतो, म्हणजे तिला बघूच देत नाही, आणि मग घोडी बुजते म्हणतो. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर तिच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. हमरस्त्याखालचा बोगदा आपल्याला रस्ता दिसतो, तिला काळं भोक दिसतं. तोंडाशी थांबा, मनातल्या मनात साठपर्यंत मोजा, मग चाला.

सैल झालेली घोडी कशी ओळखायची? मान खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली येते. कान दोन बाजूंना ढिले पडतात, मधूनच एखादा तुमच्याकडे वळतो; मारवाडीचे आत वळलेले कान फार बोलके असतात, तेवढं शिकलात तरी अर्धं काम झालं. शेपूट पावलागणिक डाव्या-उजव्या बाजूला झुलते. आणि नाकातून एक लांब, ओली फुर्र येते. ती फुर्र आली की तुम्हीही श्वास सोडा, मानेवर हात फिरवा. ताठ घोडीची शेपूट दाबलेली असते, पावलं आखूड पडतात, डोळ्याचं पांढरं दिसतं, ती पुन्हा पुन्हा पातळ लीद टाकते. पहिल्या पंधरा मिनिटांत फुर्र आली नाही तर पुढे जाऊ नका, तिथेच मागे-पुढे फिरवा. आली की मग वाटलं तर परत फिरा. लहान रपेट वाया जात नाही.

सामानाचं सांगतो. वरातीच्या घोडीच्या तोंडात बऱ्याचदा काटेरी कडियाळी, म्हणजे लगामाची तोंडात बसणारी कडी, असते. तुमच्याकडे बाजारातून घोडीबरोबर तीच आली असेल तर ती आजच काढून टाका. काटेरी लगामावर 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. तरी बाजारात ती सर्रास विकली जाते. ज्या तोंडाला प्रत्येक हिसक्यात काटा टोचतो ते जनावर मान वर करणारच. मधे सांधा असलेली गुळगुळीत, जाडसर कडी घ्या. खोगिराखाली सुती किंवा लोकरी जाड नमदा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका, बऱ्याच घोड्या त्या वेळी पोट फुगवून धरतात. आधी बेताचा आवळा, शंभर पावलं चालवा, मग पुन्हा बघा. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी, बुटाला टाच हवी, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. हेल्मेट तर हवंच. ते घातलं म्हणून फोटो बिघडतो असं म्हणणाऱ्या मंडळींबरोबर रपेटीला जाऊ नका. मोबाईल तुमच्या अंगावर ठेवा, खोगिराच्या पिशवीत नको. घोडी तुम्हाला टाकून घरी गेली तर फोनही तिच्याबरोबर जाईल.

वजनाचा ढोबळ नियम असा की स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. साडेतीनशे किलोच्या घोडीवर खोगिरासकट 70 किलो. आपल्याकडे उंच मारवाडीचं वेड फार. निवांत हिंडायला मला विचाराल तर भीमथडीचं बुटकं, काटक तट्टू कधीही चालेल. मराठ्यांच्या फौजा त्याच्यावर कुठून कुठे गेल्या. पण मैना तुमची आहे, तिच्यावर जीव आहे, तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

आता वाटा. मखमलाबादहून तुम्हाला सगळ्यात सोयीची दिशा म्हणजे दरी-मातोरी-मुंगसऱ्याकडची. शिवाररस्ते बरेचसे मुरमाचे आहेत आणि मुरूम नालेला चांगला: पाय रुततही नाही, घसरतही नाही. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याच्या कडेचे रस्ते सपाट आणि लांबलचक आहेत, पण पाट भरून वाहत असताना नवख्या घोडीला काठावरून नेऊ नका. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूने मोटरसायकल आली तर तिला जायला जागा नसते. गंगापूर रोड, सुट्टीच्या दिवशी तर सोडूनच द्या. वाईनरीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग असते आणि गाडीच्या काचेतून फोन बाहेर काढून हॉर्न मारणारे लोक घोड्याला खेळणं समजतात. रामशेजची बाजू सुंदर आहे, पण पेठ रस्ता ओलांडावा लागतो, तिथे ट्रक असतात. मैना सरावली की हिवाळ्यातल्या एखाद्या मधल्या वारी सकाळी, जोडीला शांत घोडा घेऊन जा. पायथ्याला फिरा, गडाच्या वाटेला लागू नका. अंजनेरी-त्र्यंबकची घाई आता नको. सिंहस्थाच्या कामांची वर्दळ त्या रस्त्यावर आहे.

डांबरावर लोखंडी नाल घसरते हे लक्षात असू द्या. आपला सह्याद्रीचा काळा दगडही पावसाळ्यात शेवाळ धरतो. दोन्हीवर फक्त पावलाची चाल, आणि शंका आली तर उतरून चाला. जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या शेतात शिरू नका. चिखल नाल ओढून काढतो आणि घाईत पाय उपसताना पुढच्या पायाची कंडरा दुखावते. तिथेही मुरूमच बरा.

द्राक्षाचा भाग म्हणजे स्वतंत्र शाळा आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर विमानासारखा आवाज करतो. तो लांबून ऐकू आला की घाईने पुढे काढायचा प्रयत्न करू नका. जिथे वाट रुंद आहे तिथे थांबा, तिचं तोंड आवाजाकडे करा, लगाम ढिला. ब्लोअरवाल्याला हात करून सांगा, "दादा, दोन मिनिटं बंद करता का?" शेतकरी बंद करतात, मला आजवर कुणी नाही म्हटलं नाही. उलट बऱ्याचदा घोडीचं वय विचारतात आणि आजोबांकडे टांगा होता ते सांगतात. तेवढ्या गप्पांत घोडी ट्रॅक्टरजवळ उभी राहायला शिकते. फवारा ताजा असेल तर बाजूने जाऊ नका आणि वेलीची पानं तिला अजिबात खाऊ देऊ नका. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आणि इतर औषधं पानांवर बसलेली असतात. जानेवारीनंतर माल तयार होतो तेव्हा पाखरं हाकलायला चकाकत्या पट्ट्या बांधतात, फटाके वाजवतात. पट्टी वाऱ्यावर सळसळली की मैना एक पाऊल बाजूला टाकणार. टाकू द्या. पट्टीचा एक तुकडा घरी आणून तबेल्याच्या खिडकीला बांधला तर आठवड्याभरात तिला तो दिसेनासा होतो. छाटलेल्या काड्या आणि मांडवाची जुनी तार बांधावर पडलेली असते, तिकडे मात्र तुमचंच लक्ष हवं. तारेत अडकलेला पाय घोडी ओढते आणि मांस कापलं जातं. धनुर्वाताची लस वेळेवर द्यायची ती यासाठीच.

दुसरं पीक कांदा. चाळीतून काढलेला सडका कांदा रस्त्याकडेला ओततात आणि काही घोडी तो मिटक्या मारत खातात. कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एखाददुसऱ्या घासाने काही होणार नाही, पण ढिगाशी उभं राहून चरू देऊ नका. कण्हेर तर त्याहून वाईट, थोड्या पानांनीही जीव जातो. बंगल्यांच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या दुभाजकावर ती सगळीकडे आहे. रपेटीत चरायचं नाही, थांबल्यावर मी सांगेन तिथे चरायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. मग झाडं ओळखत बसावं लागत नाही.

बिबट्याबद्दल लोक हसत विचारतात, पण नाशिकमध्ये हा हसण्याचा विषय नाही. गोदाकाठचा ऊस आणि गिरणाऱ्याकडचे मळे, दोन्हीकडे तो आहे. झुंजूमुंजू असताना आणि दिवेलागणीला उसाच्या कडेने जाऊ नका. चांगलं उजाडल्यावर निघा. आणि रोजच्या वाटेवर मैना अचानक एका जागी खिळली, नाकपुड्या फुगवून उसाकडे बघू लागली, तर तिला टाच मारून पुढे रेटू नका. तिचा संशय खरा असू शकतो. शांतपणे वळा आणि दुसऱ्या वाटेने जा. मेंढरांच्या कळपाची कुत्री आली तर पळवू नका, तिचं तोंड कुत्र्याकडे करा आणि धनगराला हाक मारा.

खरंच उधळली तर दोन्ही लगाम धरून मागे ओढण्यात अर्थ नाही, तुमच्यापेक्षा तिची मान बळकट आहे. एक हात आयाळीवर टेका, दुसऱ्या हाताने एकाच बाजूचा लगाम हळूहळू जवळ घ्या आणि तिला मोठ्या वळणात घ्या, वळण लहान करत आणा. हे रिंगणात पावलाच्या चालीवर रोज करून ठेवा. उतारावर किंवा अरुंद बांधावर हे करू नका, तिथे नुसतं बसून राहणं बरं. चढावर पुढे झुका, आयाळ धरा, तिची पाठ मोकळी सोडा. उतारावर सरळ खाली, लगाम लांब. तिला पाय कुठे टाकायचा ते बघू द्या. ओढ्यात पाणी हुंगू द्या. मात्र पाण्यात उभी राहून पुढच्या पायाने छपाछप मारायला लागली की लगेच टाच द्या. ती गंमत करत नाही, लोळायच्या तयारीत आहे, आणि खोगिरावर तुम्ही आहात याचं तिला काही नाही.

घराची ओढ. याचं कारण बहुतेक वेळा आपणच तयार करतो. परत आलं की खोगीर उतरलं आणि समोर चंदीचं, म्हणजे दाण्याच्या खुराकाचं, पातेलं. कुणीही पळेल. परतल्यावर तासभर चंदी नाही, हे पक्कं करा. आधी पाणी, खरारा, सावलीत उभं राहणं. परतीचा रस्ता जाण्याच्या रस्त्याहून वेगळा ठेवा. फाटक आलं की थांबू नका, पुढे दोन शेतं जाऊन या, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेवटचा अर्धा किलोमीटर उतरून, तंग एक घर सोडून, तिच्या बरोबर चाला. आणि परतीला कधीही दुडकी नाही, रिंगणातल्या सवंगड्याने हाक मारली तरी नाही. तिने वेग वाढवला तर लगामाशी झटापट न करता तिला वळवून घरापासून लांब चार पावलं न्या, सैल झाली की पुन्हा घराकडे. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत यायला तुम्हाला कंटाळा येईल इतका वेळ लागेल. लागू द्या.

निघण्यापूर्वी चंदी देऊन दोन तास तरी व्हायला हवेत. पण उपाशीपोटीही नेऊ नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, म्हणून निघताना दोन मुठी कडबा किंवा गवत चांगलं. घोड्याला ओकता येत नाही, खाण्याची चूक सरळ पोटशुळावर जाते. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये असं आपल्याकडे सांगतात. थोडं थोडं, मधे चालवत दिलेलं पाणी बाधत नाही. तहानलेली ठेवण्यात जास्त धोका आहे. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत घरी. ओझ्याच्या जनावरांसाठीसुद्धा नियम असा आहे की पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन त्यांना कामाला लावायचं नाही. हौसेच्या रपेटीला त्याहून कडक नियम हवा.

चालीबद्दल एवढंच: तासाला सहा-सात किलोमीटरची पावलाची चाल ही रपेटीची मुख्य चाल. सपाट मुरमावर तिची मान खाली असेल तर थोडी दुडकी, किंवा तिला रवाळ, म्हणजे न उसळता झपझप चालायची चाल, येत असेल तर रवाळ. मारवाडीची रवाळ चाल लागली की पाठीला धक्का बसत नाही. मान वर असताना वेग वाढवू नका.

घरी आल्यावर जबड्याच्या आतल्या कडेची शीर बोटांनी चाचपा. विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 ठोके हे नेहमीचं, आणि पावलाच्या रपेटीनंतर पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या जवळपास यायला हवेत. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत 64 च्या वर ठोके राहिले तर घोड्याला पुढे सोडत नाहीत. तुमची मैना तिथपर्यंत जायचं काही कारण नाही. खूर उचलून बघा, नालेत खडा अडकलाय का, खिळे ढिले झालेत का. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा, नाल झिजलेली नसली तरी. खूर वाढलेला असतो.

आणि खोगीर उतरवल्या उतरवल्या, पुसायच्या आधी, पाठीवरचा घाम नीट बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा हवा. सगळीकडे ओलं आणि मधेच रुपयाएवढा कोरडा चट्टा असेल तर तिथे खोगीर दाबतंय. काही महिन्यांनी तिथे पांढरे केस येतात. पाठ दुखणारी घोडीसुद्धा मान वर करते, बुजते आणि घराकडे पळते. कोरडा चट्टा दोन वेळा त्याच जागी दिसला तर खोगीरवाल्याला बोलवून भराव बदलून घ्या, आणि तोवर तिला मोहरकीवर पायीच फिरवा.